यादीत नाव, मग डोक्यावर छप्पर



आज आपण घरांच्या इतिहासाबद्दल बोलू या. राजवाड्यांच्या नाही, वाड्यांच्याही नाही. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर बांबू आणि प्लास्टिकच्या कागदावर उभ्या राहिलेल्या घरांचा हा इतिहास आहे.

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उघड्यावर झोपलेलं माणूस येतं. पण ते माणूस तिथवर पोचतं, त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. कुठे झोपडी पाडलेली असते, कुठे भाडं थकलेलं असतं, कुठे नवऱ्याच्या मागे सासरच्यांनी दार लावून घेतलेलं असतं. घर गेल्यावर चादरी आणि खिचडी घेऊन धावणारे हात पुष्कळ असतात. त्या हातांचं मोल मोठंच आहे. पण घर जाऊच नये म्हणून आधीपासून उभं राहायचं, हे काम फार चिकाटीचं. एकट्या संस्थेच्या आवाक्यातलं ते नाहीच. मुंबईत ते काही प्रमाणात जमलं. कोणाकोणाला बरोबर घेतल्यामुळे जमलं आणि कुठे उणं राहिलं, ते आज बघू.

सुरुवात करू १९८१ पासून. त्या वर्षीच्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना तिथून हलवायचं आणि आपापल्या गावी परत पाठवायचं. झोपड्या पाडायला सुरुवातही झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसं न्यायालयात गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड.

या निकालाला दोन बाजू होत्या, आणि दोन्ही समजून घ्यायला हव्यात. न्यायालयाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्कही येतो. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही. त्याचं काम तिथून जवळ असतं म्हणून राहतो. आपल्या देशातल्या कायद्याच्या इतिहासात हे फार मोठं पाऊल होतं. पण त्याच निकालात असंही सांगितलं की फुटपाथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, तो अडवण्याचा हक्क कोणाला नाही. रीतसर नोटीस देऊन महापालिका झोपड्या काढू शकते. पावसाळ्यात हाल नकोत, म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पाडापाडी करू नये. आणि १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना दुसरीकडे जागा द्यावी.

मैत्रिणींनो, हा शेवटचा मुद्दा जरा लक्षात ठेवा. ज्याची मोजणी झाली त्याला जागा. मग ज्याची झालीच नाही त्याचं काय? फुटपाथवरच्या कितीतरी घरांची कुठेच नोंद नव्हती. सरकारी कागदावर ही माणसं जणू नव्हतीच.

याच सुमारास भायखळ्यात एक छोटी संस्था काम करू लागली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संस्था सुरू केली. यातल्या काहीजणींनी आधी जवळच्याच ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ या केंद्रात काम केलेलं होतं, त्यामुळे गल्ल्या माहितीच्या होत्या. बसायला जागा मिळाली ती महापालिकेच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका जुन्या गॅरेजात. दार उघडं असायचं. आजूबाजूच्या फुटपाथवरच्या बायका येऊन बसायच्या, बोलायच्या.

त्या काय सांगायच्या? दिवसा पुरुष कामावर गेले की पालिकेची गाडी येते. बाई एकटी, कडेवर मूल, चुलीवर भात. बांबू, पत्रे, भांडी, कपडे सगळं गाडीत टाकून नेतात. संध्याकाळी पुन्हा त्याच जागी नवे बांबू रोवायचे, कारण जायला दुसरी जागा नाही आणि काम इथेच आहे. म्हणजे दर वेळी नवं सामान, नवं कर्ज. घर उभं करायचं तेही बाईने, पाणी मिळवायचं तेही बाईने, आणि मोडलेलं पुन्हा गोळा करायचं तेही तिनेच.

निकालानंतर ऑक्टोबर अखेरपर्यंत मुदत होती. ‘स्पार्क’पुढे प्रश्न होता की या मुदतीत करायचं काय? मोर्चा काढता आला असता. पण त्यांनी आणि या बायकांनी आधी मोजणी करायची ठरवली. भायखळ्याचा तो भाग आणि शहरातले काही मोठे रस्ते धरून त्यांनी सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे जवळपास २७,००० माणसांची नोंद केली. अहवालाला नाव दिलं ‘वी, द इन्व्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, न दिसणारी माणसं’.

या मोजणीने बरेच गैरसमज उडाले. काल-परवा आलेले भटके म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जायचं, त्यातली कितीतरी कुटुंबं दहा-दहा, वीस-वीस वर्षं तिथेच राहत होती. कोणी महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातून आलेलं, कोणी बिहारमधून, कोणी दक्षिणेकडून. माणसं हातगाडी ओढत होती, ओझी वाहत होती, बायका घरकाम करत होत्या. शहराचं काम त्यांच्यावर चाललं होतं, आणि कामावर ती पायी जात होती, कारण बसचं भाडं परवडत नव्हतं. नोव्हेंबर उजाडला. ज्या सरसकट पाडापाडीची भीती होती, ती झाली नाही. अधूनमधून गाड्या येत राहिल्या. पण बायकांच्या हातात आता एक कागद होता, आणि त्या कागदावर त्यांची नावं होती.

आता भागीदारीची गोष्ट येते. ‘स्पार्क’कडे शिकलेली माणसं होती, कागदपत्रं होती, कचेऱ्यांत जायची वाट ठाऊक होती. पण बेघर होण्याची टांगती तलवार ज्यांच्या डोक्यावर होती, ती माणसं संघटित नव्हती. उलट जॉकिन अर्पुथम यांच्याकडे माणसांची संघटना होती. जॉकिन मूळचे कोलारचे. मुंबईत मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीत राहिले आणि ती वस्ती वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं लढले. अखेर १९७६ मध्ये, आणीबाणीत, ती वस्ती पाडली आणि हजारो कुटुंबांना चिता कॅम्पमध्ये हलवलं. त्यांनी उभारलेल्या ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’मध्ये बहुतेक पुढारी पुरुष होते, आणि लढायचं म्हणजे पाडापाडी अडवायची, एवढंच बराच काळ चाललं होतं.

तिसरा हात आला तो फुटपाथवरच्या बायकांचा. १९८६ च्या सुमारास त्यांच्या गटांनी नाव घेतलं ‘महिला मिलन’. संस्था, झोपडपट्टीवासीयांची संघटना आणि बायकांचे बचतगट अशी ही तिहेरी गाठ बसली. संस्थेने पैशांचा आणि कागदाचा व्यवहार बघायचा, संघटनेने वस्त्या जोडायच्या आणि ‘महिला मिलन’ने घराघरांत रोजचं काम करायचं. कोणी कोणाचा साहेब नाही.

आपल्यापैकी बऱ्याचजणी बचतगटात आहेत, म्हणून हे विशेष सांगते. त्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग हिशेब कसा ठेवायचा? त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे घेतले. एका रंगाचा एक आकडा, दुसऱ्या रंगाचा दुसरा. प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी. जितके पैसे टाकले तितक्या रंगांचे तुकडे पिशवीत. रोज एकजण दारोदार फिरून पैसे गोळा करायची. आपल्याला वाटेल, रोज कशाला? महिन्यातून एकदा पुरे की. पण रोज दारात गेलं की पैशांबरोबर बातमीही कळते. कोणाचा नवरा आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोण सावकाराच्या दारात उभी आहे, हे त्याच दिवशी समजतं. वेळेवर हातात पडलेलं छोटं कर्ज घर वाचवतं. सहा महिन्यांनी मिळालेली मोठी मदत कधीकधी वाचवू शकत नाही.

मग हळूहळू बाकीची कामं आली. रेशनकार्ड कसं काढायचं, अर्ज कुठे द्यायचा, पोलीस चौकीत गेल्यावर कोणाशी आणि कसं बोलायचं, हे एकीने शिकायचं आणि दहाजणींना शिकवायचं. पालिकेची गाडी आली तर काही ठिकाणी बायका पुढे होऊन सांगायच्या, ‘थांबा, आम्हीच आमची झोपडी उतरवतो.’ बांबू, पत्रे, भांडी बाजूला काढून ठेवायच्या. फुटपाथ मोकळा झाला की पथकाचं काम झालं, आणि बाईचं सामानही वाचलं. वरवर बघता ही माघार वाटेल. पण ज्या घरात सामान म्हणजेच सगळी कमाई, तिथे ते वाचवणं ही केवढी मोठी गोष्ट होती!

त्याच काळात त्यांनी आपल्या स्वप्नातलं घर मोजून काढलं. कापड, पुठ्ठा, बांबू यांनी खऱ्या मापाचं घर उभं करून बघितलं. मोजायला साडी होतीच. खोली लहान असली तरी उंच हवी, म्हणजे आत पोटमाळा काढता येईल आणि वाढलेल्या कुटुंबाला झोपायला जागा होईल, हा विचार या बायकांचा. असं घर बांधून त्याचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा सरकारी अधिकारी आणि इतर शहरांतल्या वस्त्यांमधली माणसं ते बघायला आली. घर मागायला गेलेली बाई आता कसं घर हवं ते सांगू लागली होती.

यानंतर गोष्ट भायखळ्याच्या बाहेर जाते, रेल्वेच्या रुळांकडे. मुंबईच्या लोकलमधून जाताना तुम्ही रुळांना खेटून उभ्या झोपड्या बघितल्या असतील. काही तर रुळांपासून हातभर अंतरावर होत्या. मुलं रुळांवर खेळायची, अपघात व्हायचे, आणि झोपड्या इतक्या जवळ असल्याने गाड्यांनाही तिथे वेग कमी करावा लागायचा. ताशी ५० किलोमीटरच्या जागी १५. म्हणजे झोपडीतल्या माणसाचाही जीव धोक्यात आणि डब्यात लोंबकळणाऱ्याचाही वेळ वाया.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकार आणि रेल्वेने या वस्त्यांची मोजणी करायची ठरवली, आणि ते काम ‘स्पार्क’ व संघटनेकडे आलं. रेल्वेच्या जमिनीवर जवळपास १८,००० कुटुंबं असल्याचं त्यात दिसून आलं. मोजणी करता करता रुळांकाठच्या माणसांची स्वतःची संघटना उभी राहिली. १९८९ मध्ये मानखुर्द-बेलापूर मार्गासाठी भारत नगरमधली १८१ कुटुंबं हलवायची होती. त्यांनी जवळच दिलेल्या जागेवर जाऊन घरं बांधली. आकडा लहान, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. माणसांना विश्वासात घेतलं, तर पोलीस न बोलवताही वस्ती हलू शकते.

तरी पुढचा रस्ता सोपा नव्हता. सरकारी धोरणं बदलत राहिली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवर राहणाऱ्यांनाही घराचा हक्क मान्य झाला. त्यासाठी दहा वर्षं धडपड चालू होती. घराचा करार पती आणि पत्नी दोघांच्या नावे व्हावा, असं या योजनेच्या नियमांत आलं. पण कागदावरचा हक्क आणि हातातली किल्ली यांत बरंच अंतर असतं. फेब्रुवारी २००० मध्ये, बोलणी चालू असतानाच, रेल्वेने हार्बर मार्गाकाठच्या दोन हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या. कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्यावर आली. इतक्या वर्षांची मोजणी, बचत, भेटीगाठी, सगळं पाण्यात गेलं असं वाटावं अशी वेळ.

इथे भागीदारीची खरी परीक्षा झाली. एकटी संस्था असती तर तिने निवेदन दिलं असतं. एकटी संघटना असती तर तिने गाड्या अडवून धरल्या असत्या. इथे लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वेळी टेबलावर ठेवायला घरोघरची तयार यादीही होती. राज्य सरकार पुढे आलं. मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पासाठी जागतिक बँकेचं कर्ज हवं होतं, आणि बँकेची अट अशी होती की हलवलेल्या माणसांचं पुनर्वसन झालंच पाहिजे. सरकारला जागा मोकळी हवी होती, रेल्वेला वेग हवा होता, कुटुंबांना घर हवं होतं. प्रत्येकाची गरज वेगळी, पण गाठ एकाच ठिकाणी बसत होती.

त्यानंतरच्या वर्षा-दीड वर्षात रुळांकाठची हजारो कुटुंबं, सुमारे ६०,००० माणसं, पोलिसी बळ न वापरता हलली. हे कसं झालं ते जरा तपशिलात सांगते, कारण खरी किमया तिथेच आहे. आधी वस्तीचा नकाशा माणसांनीच काढला. प्रत्येक दारावर आकडा रंगवला. घरात कोण राहतं, किती वर्षं राहतं ते लिहून घेतलं. मग ती यादी वस्तीत सगळ्यांसमोर मांडली. ज्याचं नाव राहिलं त्याने येऊन सांगायचं. ज्याने खोटं नाव घुसवलं, त्याला शेजारीच ओळखायचे. कचेरीत बसून केलेल्या यादीत जी लबाडी खपून जाते, ती चारचौघांत खपत नाही. सुमारे पन्नास-पन्नास कुटुंबांचे गट केले, आणि जाताना गट एकत्र गेले, म्हणजे नव्या जागीही ओळखीची शेजारीण शेजारीच राहिली. जिथे पक्की इमारत तयार नव्हती, तिथे आधी संक्रमण शिबिरातली १२० चौरस फुटांची खोली, आणि नंतर २२५ चौरस फुटांचं पक्कं घर. कोणाला कोणती खोली, पाणी कुठून, शाळा कोणती, रेशनकार्ड कसं बदलायचं, हे सगळं बघणाऱ्यांत ‘महिला मिलन’च्या बायका पुढे होत्या.

मैत्रिणींनो, इतिहास सांगायचा तर उण्या बाजूही सांगायला हव्यात. याच मोठ्या प्रकल्पात पुढे रस्त्यांसाठीही माणसं हलवली, आणि एकूण आकडा एक लाखाच्या वर गेला. काम वाढलं तशा तक्रारीही वाढल्या. काही दुकानदार आणि रहिवासी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे गेले. त्या मंडळाने पुनर्वसनातल्या त्रुटींवर कडक बोट ठेवलं, आणि २००६ मध्ये बँकेने काही काळ या कामाचा पैसाही थांबवला. मानखुर्द-गोवंडीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या काही इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. कामाची जागा लांब गेली की बाईचं घरकाम सुटतं. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा खर्च दरमहा येतो. छप्पर मिळालं म्हणजे घर टिकलं असं होत नाही. पुढची काही वर्षं सोबत लागतेच.

आणि ज्या भायखळ्याच्या बायकांपासून हे सगळं सुरू झालं, त्यांचं काय? त्यांनी इतरांना घरं मिळताना बघितली आणि स्वतः वाट बघत राहिल्या. वीस वर्षांच्या आसपास वाट बघून, २००० नंतरच्या दशकात, त्यांच्यातली कुटुंबं मानखुर्दच्या मिलन नगरमध्ये राहायला गेली. इतकी वर्षं बचतीची पिशवी रिकामी होऊ न देणं, गट मोडू न देणं, हे आपल्यापैकी किती गटांना जमलं असतं? दरम्यान त्यांचं काम देशाबाहेरही पोचलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमधल्या बायका ही बचत आणि ही मोजणी बघायला आल्या, आपल्याकडच्या बायका तिकडे शिकवायला गेल्या. जॉकिन यांना २००० मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते २०१८ मध्ये गेले.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं मुंबईचं. आमच्या तालुक्याच्या गावात काय? आपल्याकडेही नदीकाठच्या वस्त्या आहेत, गायरानावरच्या झोपड्या आहेत, रस्तारुंदीकरणाच्या खुणा भिंतींवर आल्या आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्या बायका आहेत. शहरांत बेघरांसाठी रात्रनिवारे असतात आणि ते हवेतच. पण तिथे जायची वेळ येऊ नये, यासाठीचं काम आपल्या गल्लीत सुरू होतं.

या इतिहासातून तीन गोष्टी उचलता येतील. पहिली, यादी आपण करावी आणि आधी करावी. आपल्या वस्तीत किती घरं, कोणाकडे कोणता कागद आहे, कोणाकडे काहीच नाही, हे नोटीस येण्याआधी माहीत हवं. दुसरी, बचतीचा फेरा लहान ठेवावा, म्हणजे अडचण दारात असतानाच कळेल. तिसरी, जे काम आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याला सोबत घ्यावं. वकील, शाळेतल्या बाई, आशाताई, ग्रामपंचायतीतली किंवा नगरपालिकेतली ओळखीची सदस्य, गावातली जुनी संस्था. प्रत्येकीकडे एकेक किल्ली असते, पण कुलूप कुठलं आहे ते वस्तीतल्या बाईलाच ठाऊक असतं.

येत्या आठवड्यात आपल्या गटाची बैठक असेल, तर हिशेब झाल्यावर पाच मिनिटं काढा. एकमेकींना विचारा, आपल्यापैकी कोणाचं घर कोणाच्या नावावर आहे? करार आहे का? घरपट्टीची, विजेच्या बिलाची पावती कोणाच्या नावाने येते? उत्तरं एका वहीत लिहून ठेवा. भायखळ्याच्या बायकांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे वहीसुद्धा नव्हती.

नमस्कार.